मशीनचं कुंकू

बाबा, मला तुझा राग आलाय. तू जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुझी आठवण आली, रडू आलं, जेवताना तू बोटं चाटायचास ते आठवून हसूही आलं, पण राग कधी आला नव्हता. आता आलाय तो जातच नाही. ऐरोलीच्या पुलावर ऑफिसची बस अडकली की येतो, भाजी निवडताना येतो, लेकीचा अभ्यास घेताना येतो आणि उगाच तिच्यावर निघतो. मेलेल्या माणसाशी भांडायची सोय नसते. तू उलट बोलणार नाहीस, ताट सरकवून ओट्यावर जाऊन बसणार नाहीस. म्हणून लिहायला बसले. हे कुठल्या पेटीत टाकणार नाही, कुणाला दाखवणार नाही. पण एकदा सगळं तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुझा दसऱ्याचा किस्सा. आपल्या घरात तो दर वर्षी सांगितला जातो, अजूनही. तू अणुसंशोधन केंद्रात मशिनी सांभाळायचास. तिथली ती बिनखिडकीची खोली, जिच्यात प्लुटोनियमचे डबे ठेवलेले असतात, तिच्या दारातली मशीन तुझी. खोलीतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाने तिच्यासमोर हात धरायचे. हाताला त्या पदार्थाची कणभर धूळ लागली असली तरी ती कडकड वाजायची. दसऱ्याला सगळ्या कारखान्यांत होते तशी तिथेही पूजा व्हायची, पाने-पक्कड, पंप, टेबलं, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आणि त्या वर्षी तू त्या मशीनला कुंकू लावलंस. तिच्या पत्र्याच्या खोक्याला नाही लावलंस. समोर तळव्याएवढा पातळ पडदा असतो, जिथून ती बघते, तिथे. देवीला भरतात तसा मळवट भरलास, जाड, ओल्या कुंकवाचा. त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलंस तेव्हा आई कोळंबी सोलत होती आणि मी पाटावर बसून वही भरत होते. "एवरा कुंकू लावला का मशीनच मुकी जाली," तू म्हणालास आणि हसलास. आई हसली. मी पण हसले. मी तेरा वर्षांची होते बाबा, आणि मला वाटलं माझा बाप किती मजेशीर आहे.

पुढे मी त्याच केंद्रात लागले. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलं की प्लुटोनियममधून जे किरण निघतात ते अगदी दुबळे, साधा कागदही त्यांना अडवतो. अंगाबाहेर असेपर्यंत त्यांचं भय नाही. श्वासातून छातीत गेलं की मात्र ते तिथेच बसतं, हाडांत उतरतं आणि माणूस असेपर्यंत राहतं. कागद अडवतो म्हटल्यावर मला तुझं कुंकू आठवलं. मी हात वर करून सगळ्या वर्गाला तुझा किस्सा सांगितला. शिकवणारे सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चाळीस जण होतो आम्ही, सगळे फिजिक्स-केमिस्ट्री घेऊन आलेले, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की मशीन मुकी होती तेव्हा तिच्यासमोर हात धरून कोण गेलं. माझ्याही नाही. त्याचाही राग आहे, पण तो माझा मी बघेन.

आता काय झालं ते ऐक. ती खोली जुनी झालीय. नवी बांधायला वेळ आहे, तोवर डबे इथेच ठेवायचे की नाही, हे ठरवणारा रिपोर्ट माझ्याकडे आला. तीन महिने मी तेच करतेय. डबे वर्षानुवर्षं ठेवले की आत गॅस साठतो, डबा फुगतो. म्हणून एकेक डबा मोजला. दोन डब्यांत सोडलेलं अंतर मोजलं, कारण ते फार जवळ आले किंवा मध्ये पाणी शिरलं तर अणूंची साखळी सुरू होऊन भलतंच होऊ शकतं. पावसाळ्यात भिंतीला कुठपर्यंत ओल चढते, हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यांची गाळणी कधी बदलली, बाहेरचं गटार कुठे जातं, गाळात काय सापडतं, सगळं बघितलं. आणि सगळ्यात शेवटचं प्रकरण, मागचा इतिहास. इतक्या वर्षांत खोलीतून काही बाहेर आलं का? त्यासाठी जुनी रजिस्टरं उघडली. तुझी रजिस्टरं. खरं सांगू, खुशीत उघडली. तुझं अक्षर बघायला मिळणार म्हणून.

रोज सकाळी मशीन तपासायची असते. तसेच किरण सोडणारी एक छोटी चकती पडद्यासमोर धरायची, काटा ठरलेल्या खुणेपर्यंत चढला की रकान्यात 'ठीक' लिहायचं आणि सही करायची. दोन मिनिटांचं काम. त्या वर्षीच्या दसऱ्याचं पान मी मुद्दाम काढलं, किस्स्याची खूण सापडते का बघायला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी 'ठीक'. तिसऱ्या दिवशी 'ठीक'. असे नऊ दिवस. नऊही दिवस खाली तुझ्या सहीची दोन अक्षरं, तीच, शेवटी शेपूट ओढलेली. कुंकवाने बंद झालेल्या पडद्यासमोर चकती धरली असतीस तर काटा हललाही नसता. म्हणजे तू चकती धरलीच नाहीस. नऊ दिवस न तपासता 'ठीक' लिहिलंस. दहाव्या दिवशी लिहिलंयस, 'पडदा बदलला.' कारणाच्या रकान्यात, 'जुना झाला.' त्याच रजिस्टरात तीन पानं मागे तोच पडदा नवा बसवल्याची नोंद आहे, ती पण तुझ्याच हातची. खोटं बोलायचं तर निदान मागचं पान तरी बघायचंस.

रेकॉर्ड रूमचा माणूस विचारून गेला, मॅडम, चहा सांगू का. आणि मला एकदम आपल्या तळवलीच्या घराचा ओटा आठवला. त्याच वर्षी, दिवाळीची सुट्टी संपली होती. मी प्रॅक्टिकलच्या वहीत लंबकाची रीडिंगं मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेत होते. तू कामावरून आलास, शर्टाची बटणं सोडतच मागे उभा राहिलास. "लंबक कवा हालवलास?" मी हाताने वही झाकली. तू पान फाडलंस. अख्खं पान, जपून, शिवणीपासून. "मोजलास नाय तं लिवाचा नाय," म्हणालास. आवाज चढवला नाहीस म्हणून ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून मला स्टॉपवॉच आणून दिलंस. त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलंय बाबा. सहकाऱ्यांशी भांडलेय, प्रमोशन लांबवून घेतलंय, नव्या पोरापोरींना तेच वाक्य ऐकवलंय आणि वर सांगितलंय की हे माझ्या वडिलांचं. दसरा आणि दिवाळीची सुट्टी यांत किती, फार तर दीड महिना. तुझं ते पान कपाटात तसंच होतं आणि तू माझं फाडत होतास. लाज कशी नाही वाटली तुला? की वाटली, म्हणूनच माझं फाडलंस? काय असेल ते असो, माफ करण्यासारखं दोन्हींत काही नाही.

आणि नऊ दिवस ते कुंकू कुणाच्याच नजरेस पडलं नाही असंही नाही. रोज पाच माणसं त्या मशीनसमोर उभी राहिली. लाल पडदा सगळ्यांनी बघितला. सुपरवायझर येऊन तिला हात जोडून गेला असेल. पण दसऱ्याला भरलेलं कुंकू पुसणार कोण? आपल्याकडे कुंकू पुसणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. ते आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, झेंडूची माळ सुकून पडते तसं. मी तिथे असते तर मीही पुसलं नसतं कदाचित. पण मी 'ठीक' लिहिलं नसतं.

पान घेऊन मी आमच्या साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, रिटायर व्हायला आलेत. त्यांनी पान बघितलं, चष्मा काढला. "मॅडम, ही सही..."

"हो. माझे वडील."

"मग कशाला उकरता? तीस वर्षं होऊन गेली. नऊ दिवसांत असं काय झालं असेल?"

"तेच तर माहीत नाही ना सर."

"बहुतेक काहीच नसेल."

"बहुतेक नसेलच. पण मोजलं कुणी?"

त्यांनी रजिस्टर बंद करून माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, इतिहासाच्या प्रकरणात एक ओळ आहे, 'नोंदीप्रमाणे किरणोत्सर्गी प्रदूषणाची घटना नाही.' नोंदीप्रमाणे तर नाहीच आहे. ओळ खरी आहे. द्या सोडून, टेन्शन घेऊ नका, तुमच्याच घरच्या माणसाचं नाव आहे. मला एवढा संताप आला की मी रजिस्टर उचलून बाहेर पडले. बाबा, तुझ्या बचावाला असा माणूस उभा राहावा आणि त्याचं बोलणं कायद्याने बरोबर असावं, हे तू माझ्यावर आणलंस.

त्या नऊ दिवसांत आत जाणाऱ्यांची नावं दुसऱ्या रजिस्टरात सापडली. पाचपैकी दोघे वारलेत, कशाने ते मला अजून कळलेलं नाही. दोघे नोकरी सोडून गावी गेले, पत्ते जुने आहेत, पत्रं टाकायला सांगितलीत. पाचवे आपले काका. तुझे जोडीदार, दोन घरं सोडून राहणारे, डबे पुसायचं काम करायचे. ज्यांच्या खांद्यावर बसून मी गावच्या जत्रेला गेले. त्यांच्या शरीरात काही गेलंय का, हे आजही कळू शकतं. चोवीस तासांची लघवी तपासली की ते दिसतं, इतक्या वर्षांनीही. पण ती तपासणी करायची तर कारण लागतं, आणि कारण म्हणजे मी रिपोर्टात ते नऊ दिवस लिहायला हवेत. नाही लिहिले तर काकांना कुणी कधी विचारणार नाही.

रविवारी दुपारी तळवलीला गेले. काकांचं घर तू ओळखणार नाहीस, कौलं गेली, वर चार मजले चढलेत, सगळे भाडेकरू, बहुतेक आयटीतली पोरं. काका खाली पंख्याखाली बसून तंबाखू मळत होते. काकी चहा करायला आत गेली. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, कुंकू, मशीन, नऊ दिवस. ते तळव्यावर अंगठा फिरवत राहिले.

"मना ठावं हाय," म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नसेल.

"तुजा बापूस मना दहाव्या दिशी कामावरचे मोरीव घेवून गेलता. मशीन बरी केली ना पयला माजेच हात तिचे म्होरं धरले. कडाकडा वाजली गो. मंग ब्रश घेतला ना साबून, मोरीवरच घासले माजे हात. रगत आला तरी घासतंय. रडत व्हता."

"मग डॉक्टरकडे का नाही नेलं तुम्हाला?"

"तो नेत व्हता. साहेबाला सांगतू बोलला. मीच हात जोरले. माजा नाव परमनंटचे लिस्टीत लागाचा व्हता, डॉक्टरने कागद केला असता तं मना बाहेर काढला असता. बोललू, तू गप रव. तवा गप रायला तो."

बाबा, तुला वाटेल आता माझा राग उतरला असेल. मित्राच्या नोकरीपायी बाप गप्प राहिला, रडला, चला, माणूसच होता. नाही उतरला. उलट चढला. काका पुढच्या वर्षी परमनंट झाले. त्यानंतर तू चौदा वर्षं नोकरी केलीस आणि रिटायर होऊनही काही वर्षं जगलास. त्यातल्या एका दिवशी तरी सांगायचंस. तोवर मी तिथेच लागले होते, एकाच बसने जायचो आपण, दोन सीटवर शेजारी शेजारी. मला सांगायचंस. मी काय तुला फासावर दिलं असतं? आणि ती मोरी. त्या मोरीचं पाणी साध्या गटाराला जातं, आमच्या नकाशात ते 'स्वच्छ' म्हणून दाखवलंय, तिथला गाळ आजवर कुणी तपासला नाही, कारण तिथे काही धुतलंच नाही अशी नोंद आहे. आता तो खणायला लावलाय. सापडलं तर अगदी थोडंसं सापडेल, मला माहीत आहे. पण मी तीन महिने भिंतीची ओल बोटाने चाचपत होते आणि तुझ्या साबणाचं पाणी कुठे गेलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना काकांनी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात जास्त झोंबलीय. दर दसऱ्याला तू त्यांच्याकडे सोनं द्यायला जायचास, अगदी शेवटच्या आजारातही रिक्षा करून गेलास. आपट्याचं पान हातात दिलंस की तळवा उलटा करून बघायचास. आणि विचारायचास, खोकला हाय का, जेवन जातंय का, वजन कमी तं नाय जाला? ही तुझी मोजणी? माझ्या लंबकाला स्टॉपवॉच लागतं आणि जिवंत माणसाच्या छातीला नुसतं विचारलं की झालं? आम्हाला वाटायचं दोस्ती किती घट्ट आहे बघा दोघांची.

मी लिहिलं. नऊ दिवस, पडदा, न केलेली तपासणी, खोटं कारण, मोरी. साहेब म्हणाले तसं 'संबंधित तंत्रज्ञ' लिहून भागलं असतं. मी तुझी दोन अक्षरं लिहिली आणि कंसात लिहिलं की हे माझे वडील, म्हणून हे प्रकरण दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं. खोलीची मुदतवाढ थांबलीय. काहीजण माझ्याशी बोलत नाहीत. कँटीनमध्ये एकाने ऐकू जाईल असं म्हटलं, स्वतःच्या बापाला नाही सोडलं हिने. नाही सोडलं. त्यानेच शिकवलं होतं.

काका आधी नाही म्हणत होते. "या वयात बाटल्या भराच्या काय मी? आता काय सापरलं ना नाय सापरलं, म्हातारा जालू." मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, काका, माझ्यासाठी द्या, नाहीतर मलाही दर दसऱ्याला येऊन तुमचा तळवा बघत बसावं लागेल. त्यांनी हातातली तंबाखू झटकली. मग काकीला म्हणाले, बाटल्या ठेव त्या मोरीव. नमुना गेलाय. रिझल्ट यायचाय. मी रोज सकाळी सगळ्यात आधी मेल उघडते. काही आलं तर माझ्या मनात तू दुसऱ्यांदा मरशील. आणि काही नाही आलं तर सगळे म्हणतील बघा, उगाच बापाचं नाव घातलं, आणि तेही मला सोसावं लागेल.

एक राहिलं. काकांच्या तपासणीचं काकीने फोन करून आईला सांगितलं, तुझं नाव आणि कुंकू तेवढं वगळून. आई माझ्याकडेच असते आता, ऐरोलीला, तुझा फोटो हॉलमध्ये तिच्या खुर्चीसमोर लावलाय. मी ऑफिसातून आले तर पर्सही ठेवू दिली नाही. "कोनी केला ह्या? मशीन नाय बगता लिवनारा कोन व्हता तो?" तुझं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. रिपोर्टात लिहिलं, साहेबांना सांगितलं, काकांना सांगितलं. आईला म्हटलं, होता कुणीतरी, तू नाही ओळखत, मेला तो. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी, दिवा लावून झाला की, तुझ्या फोटोसमोर खुर्चीत बसते आणि त्या माणसाला शिव्या घालते. मुडदा बशिवला त्याचा, लोकांच्या जिवाशी खेळला, त्याच्या बायकापोरांनी त्याला कसा जवळ केला असेल, म्हणते. मला तिला थांबवता येईल. पण मी आत ओट्याशी पोळ्या लाटत गप्प ऐकते. आणि बाबा, मला ते ऐकायला बरं वाटतं.